प्रवेशाचा अर्ज भीतीनं भरू नका

दर वर्षी ३० सप्टेंबरला शाळांचा पट मोजला जातो. त्या तारखेला हजेरीपत्रकात जी नावं असतात त्यांवरून संचमान्यता होते आणि शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं. वाडीवस्तीवरच्या शाळेत दोन-चार नावं कमी भरली तरी एक पद जाऊ शकतं. मग एक गुरुजी अतिरिक्त ठरतात, त्यांचं समायोजन दुसऱ्या गावात होतं आणि मागं राहिलेल्या बाई पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवतात. पुढच्या पाडव्याला गावातले आईबाप त्या खोलीत डोकावतात आणि म्हणतात, "इथं कशाला घालायचं लेकराला?" आणखी चार मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसतात. पुन्हा ३० सप्टेंबर येतो.

शाळा वाईट होती म्हणून मुलं गेली, असं आपण मागाहून सांगतो. पुष्कळ गावांत क्रम उलटा आहे. आधी भीती आली, मग मुलं गेली, मग शाळा खंगली. आणि खंगलेली शाळा बघून प्रत्येकाला वाटलं की आपली भीती बरोबरच होती.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याची गोष्ट राज्यात सुरू झाली. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. तेव्हा पुढे आलेल्या आकड्यांनुसार अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त होत्या. या शाळांत शिकणारी बहुतेक मुलं धनगरवाड्यांतली, पाड्यांवरची, ऊसतोड मजुरांची, डोंगरातल्या तुटक वस्त्यांवरची. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत असावी असं मानलं, ते याच लेकरांसाठी. शाळा लांब गेली की पहिली झळ मुलींना बसते, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. आणि ओसरत्या पटाचा प्रश्न फक्त डोंगरातला आहे असंही नाही. शहरांतल्या जुन्या मराठी शाळांच्या तुकड्याही एकामागून एक मिटत चालल्या आहेत. गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं की नाही यावरून २०११ नंतर केवढा संघर्ष झाला. तिथल्या खेड्यांतल्या मराठी-कोकणी शाळांचे पटही असेच ओसरत आहेत.

सरकारनं काय करावं यावर बोलायला बरंच आहे आणि ते बोललंच पाहिजे. हा लेख मात्र मी आईबापांना उद्देशून लिहिते आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीनं पालकांचा आहे. सरकारला ते लादता येणार नाही. म्हणजे मराठी शाळा कायद्यानं वाचवता येणार नाहीत. त्या वाचल्या तर घराघरांत, रात्रीची जेवणं झाल्यावर नवराबायको जे बोलतात त्या बोलण्यातून वाचतील. माझी विनंती त्या बोलण्यापुरती आहे.

त्या बोलण्यात काय असतं, ते मी गेली कित्येक वर्षं शाळा व्यवस्थापन समितीच्या कामानिमित्त ऐकत आले आहे. "इंग्रजी आलं नाही तर पुढं काय करील?" "जावेचा मुलगा तिकडं जातो, आपला इकडं कसा?" "उद्या मोठा झाल्यावर आपल्याला बोल लावील." एक बाप म्हणाला होता, "माझं जे झालं ते त्याचं नको व्हायला." या वाक्यांची टिंगल मला करायची नाही. मुलाखतीत इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर माहीत असून गप्प बसावं लागलेला माणूस आपल्या मुलाविषयी असं बोलणारच. ही भीती हवेतून आलेली नाही, ती अपमानातून आली आहे. पण ही वाक्यं नीट बघा. त्यांतल्या प्रत्येकात काय टळावं ते सांगितलेलं आहे. मुलानं काय व्हावं, कसं व्हावं, हे कोणत्याच वाक्यात नाही.

म्हणून मी पालकसभेत दुसरा प्रश्न विचारायला लागले. मुलाला शाळेत कशासाठी पाठवायचं? सुरुवातीला सगळे हसतात. मग एखादी आई म्हणते, त्यानं वाचावं, कळून वाचावं. कोणी म्हणतं, चार माणसांत उभं राहून बोलता यावं. कोणाला हिशेबात फसू नये असं वाटतं, कोणाला आपल्यासारखं साहेबापुढं मान खाली घालायला लागू नये असं वाटतं. एक आजी म्हणाल्या, शहाणा व्हावा, पण आम्हाला विसरू नये. या सगळ्या इच्छा फळ्यावर लिहिल्या की तो फळा एखाद्या शिक्षणतज्ज्ञाच्या मांडणीपेक्षा कमी भरत नाही. आता त्या इच्छा कोणत्या शाळेत पुऱ्या होतील असं विचारलं, की उत्तर शोधायची दिशाच बदलते. इमारत, टाय, बूट, गाडी हे फळ्यावर कुठंच नसतं.

पहिलीतलं सहा वर्षांचं लेकरू शाळेत येतं ते रिकाम्या हातानं येत नाही. हजारो शब्द, नाती, गोष्टी, भांडणं, गाणी घेऊन येतं. वाचायला शिकणं म्हणजे त्या बोलत्या भाषेला अक्षरांशी जोडणं. 'म' आणि 'का' ओळखून 'मका' वाचला की लेकराच्या डोळ्यांपुढं शेत उभं राहतं. तेच लेकरू, ज्याच्या घरात आणि गल्लीत कोणी इंग्रजी बोलत नाही, त्याला अनोळखी शब्दांची स्पेलिंगं पाठ करायला लावली तर ते अक्षरं वाचतं, अर्थ वाचत नाही. ग्रामीण भागातल्या पुष्कळ स्वस्त इंग्रजी शाळांत बाईंनाही इंग्रजीत बोलायची सवय नसते. त्या मराठीतच समजावतात, वहीत मात्र इंग्रजी उतरवून देतात. मुलं प्रश्न आणि उत्तरं दोन्ही घोकतात. आणि घरी आई त्या वहीपुढं हतबल होते. जी बाई सातवी-दहावी शिकली आहे, पोराला पाढे म्हणून दाखवू शकते, धडा समजावून सांगू शकते, ती शिक्षणातून बाहेर पडते. मग शिकवणी लावायची. आईला स्वतःच्या मुलाच्या अभ्यासातून असं बाजूला काढणं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

१९५३ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी शिक्षणाचं सुरुवातीचं माध्यम मातृभाषा असावं असं सांगितलं. आपल्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमात, शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं निदान पाचवीपर्यंत तेच सुचवलं. पण कागदावरच्या शिफारशींनी आईची भीती जात नाही, म्हणून एका प्रयोगाविषयी थोडं सविस्तर सांगते. नायजेरियात इले-इफे या गावी १९७० मध्ये तो सुरू झाला. तिथंही इंग्रजांचं राज्य होऊन गेलेलं, तिथंही इंग्रजीशिवाय नोकरी नाही अशीच समजूत. योरुबा बोलणाऱ्या मुलांच्या एका गटाला प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवलं आणि इंग्रजी हा विषय म्हणून ठेवला, पण तो शिकवायला चांगला तयार शिक्षक दिला. दुसऱ्या गटाला रिवाजाप्रमाणे तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात नेलं. योरुबातून शिकलेली मुलं इतर विषयांत पुढं गेलीच, इंग्रजीतही ती सरस निघाली. विचार करायला आणि वाचायला माणूस एकदाच शिकतो आणि ते कसब पुढच्या प्रत्येक भाषेत बरोबर नेतो. इंग्रजी चांगलं हवं असेल तर इंग्रजीचा शिक्षक चांगला हवा. सगळे विषय इंग्रजीत कोंबून ते येत नाही.

आणि मराठी शाळेत इंग्रजी नसतं, हा समज अजून किती घट्ट आहे! सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. बऱ्याच शाळांत सेमी इंग्रजीही आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेता येतं. इंग्रजी पाचवीत सुरू झालं म्हणून ज्यांचं अडलं, ते आपल्या काळातली शाळा डोळ्यांपुढं ठेवून आजचा निर्णय घेत आहेत.

इथं मला एक हरकत मोकळेपणानं मांडली पाहिजे, कारण ती वजनदार आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नाही, त्यांनी इंग्रजीकडं सुटकेची वाट म्हणून पाहिलं. त्यांना आज "मराठीत शिका" असं सांगणारे बऱ्याचदा स्वतःची मुलं इंग्रजीत घालून मोकळे झालेले असतात. हा राग खरा आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजीचं मनापासून स्वागत केलं होतं. पण ते त्यांनी मराठी कवितेत केलं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा उघडली तेव्हा जोतीराव-सावित्रीबाईंना मुली आणि अतिशूद्र हे ज्ञानाचे धनी व्हायला हवे होते. भाषा त्या हेतूमागून आली. रस्त्यात शेण आणि दगड झेलत, दुसरं लुगडं बरोबर घेऊन शाळेत जाणाऱ्या बाईला भीती वाटली नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर काय टाळायचं हा प्रश्न असता तर घरातून बाहेर न पडणं हेच त्याचं उत्तर होतं. इंग्रजी आपल्या मुलांना आलंच पाहिजे, उत्तम आलं पाहिजे. ते येण्यासाठी आधी मूल वाचणारं, विचारणारं आणि न घाबरणारं व्हायला हवं, एवढाच माझा आग्रह आहे.

फलटणला हे एका बाईंनी करून दाखवलं, आणि त्यांची मातृभाषा इंग्रजी होती. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेत जन्मल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि भारताच्या नागरिक होऊन तिथंच राहिल्या. शाळेतून गळालेल्या, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. इंग्रजी त्यांच्या तोंडात जन्मापासून होतं. त्यांना वाटतं तर तालुक्यात सगळ्यात झकास इंग्रजी शाळा त्यांनीच काढली असती आणि लोकांनी रांगा लावल्या असत्या. त्यांनी मराठी माध्यमाची शाळा काढली. भाषा कशी येते हे ज्यांचं आयुष्यभराचं शास्त्र होतं, त्यांनी केलेली ही निवड माझ्यासाठी कोणत्याही अहवालापेक्षा मोठी आहे.

आणि कोणी म्हणेल, ती खास शाळा झाली, आमच्या गावची जिल्हा परिषदेची कुठं तशी? माढा तालुक्यातल्या परितेवाडीची शाळा गोठा आणि कोठीच्या मध्ये अडकलेली पडकी खोली होती. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथं शिक्षक म्हणून आले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड टाकण्याची कल्पना त्या खोलीतून निघाली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी पारितोषिकाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, शाळा बंद पडायच्या बेतात होती. गाव आणि शिक्षक एकत्र आले. २०२५ मध्ये ती शाळा जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या पहिल्या दहांमध्ये पोहोचली. मोठ्या झालेल्या मराठी माध्यमाच्या माणसांची यादी मी मुद्दाम देत नाही. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर पालिकेच्या शाळेत शिकले हे ऐकून आईचा जीव थाऱ्यावर येत नाही. तिला तिच्या गावातलं, तिच्या डोळ्यांपुढचं काही बघायचं असतं. परितेवाडी आणि जालिंदरनगर ही तशी, कोणाच्याही गावासारखी गावं आहेत.

सगळ्या शाळा अशा आहेत असं मी म्हणणार नाही. काही शाळांत शिक्षक वेळेवर येत नाहीत. काही ठिकाणी मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही. गुरुजींचा अर्धा दिवस माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या हिशेबात आणि निवडणुकीच्या कामात जातो. हे बघून एखाद्या बापानं शाळा नाकारली तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही, त्यानं डोळे उघडे ठेवले आहेत. पण नाकारण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खासगी शाळेच्या फाटकातून आत सोडत नाहीत तिथं तक्रार कोणाकडं करायची? इथं शाळेचा विकास आराखडा तुम्ही करायचा असतो. मी ज्या समितीत बसते तिथं मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बसलं ते आयांनी ठराव करून ग्रामपंचायतीच्या मागं लागून बसवलं. शाळा आपली आहे असं वाटणाऱ्या चार बायका लागतात, बस.

आता मराठीसाठी जीव टाकणाऱ्यांशी मला बोलायचं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा विषय आला तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. २९ जूनला सरकारनं निर्णय मागं घेतला आणि ५ जुलैला वरळीत विजयाचा मेळावा झाला. मला त्या लढ्याचा अभिमान आहे. पण पहिलीच्या ज्या वर्गासाठी आपण लढलो, त्या वर्गात त्याच जूनमध्ये आपल्यापैकी किती जणांनी आपल्या लेकराचं, नातवाचं नाव घातलं? मराठीचे प्राध्यापक, लेखक, संपादक, नाटकवाले, आमदार, गटशिक्षणाधिकारी, आणि जिल्हा परिषदेचे गुरुजी स्वतः, तुमची मुलं त्या बाकावर बसली तर शेजारच्या घरातली भीती निम्मी होईल. तुमच्या भाषणानं ती होणार नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत आईबाप सुट्टीच्या दिवशी स्वतः शिकवायला उभे राहतात, मैलोन्‌मैल गाडी चालवून मुलांना आणतात, दोन तास मराठी कानांवर पडावं म्हणून. इथं पाच मिनिटांच्या अंतरावर रोजची, पूर्ण दिवसाची शाळा आहे आणि ती रिकामी होते आहे.

यंदा प्रवेश घेण्याआधी एवढं करा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या मराठी शाळेत मुलाला घेऊन अर्धा दिवस बसा. तिसरीतल्या एखाद्या मुलीला तिनं न वाचलेलं पान काढून द्या, मोठ्यानं वाचायला सांगा आणि मग पुस्तक मिटून तिच्या शब्दांत गोष्ट सांगायला सांगा. नंतर ज्या इंग्रजी शाळेचा विचार आहे तिथं जा आणि हेच करायला सांगा. तिथं बसू देत नसतील तर त्याचाही विचार करा. वर्गात मुलं बोलतात का ते ऐका. कोणी प्रश्न विचारला तर बाई काय करतात ते बघा. घरी येऊन, मुलाला शाळेत कशासाठी पाठवायचं ते तुम्ही दोघं कागदावर लिहा, आजी-आजोबांनाही विचारा, आणि तो कागद समोर ठेवून शाळा ठरवा. एवढं करून तुम्ही इंग्रजी शाळा निवडलीत तर तो निर्णय विचारानं घेतलेला असेल आणि मी त्याला मान देईन.

हे एकट्यानं करू नका. एकटं घर घाबरतं, आणि ते साहजिक आहे. गल्लीतली, वस्तीवरची चार घरं मिळून जा. चार मुलं एकदम दाखल झाली तर ३० सप्टेंबरच्या पटावर त्याचा फरक पडतो, कदाचित एका शिक्षकाचं पद वाचतं, आणि वर्गात तुमच्या मुलाला ओळखीची तीन मुलं असतात. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांनी समितीच्या सभेला यावं, आठवड्यातून एक तास गोष्टी वाचून दाखवाव्यात. निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी तर नक्की यावं. चांगलं इंग्रजी शिकवणारा एक माणूस वाडीवरच्या शाळेला मिळाला तर तिथली सगळ्यात मोठी भीती तिथंच विरते.

प्रवेशाला फी नाही. पुस्तकं शाळेतून मिळतात, दुपारचं जेवणही. जन्माचा दाखला हाताशी नसला तरी तेवढ्या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही, हे बाजूच्या पालावरच्या कुटुंबाला मुद्दाम सांगा. शाळा जूनच्या मध्यात उघडते, विदर्भात थोडी नंतर, पण नावं पाडव्यापासून घेतात. या आठवड्यात शाळेच्या वेळेत जा, आणि जाताना शेजारणीला हाक मारा.